अंजिराच्या वळणावरचे पट्टे

मिदेल्त,
४ मार्च १९९८

प्रिय बास्सू,

तुला, राबहाला आणि घरातल्या सगळ्या लहानथोरांना माझा सलाम. अल्लाच्या दयेने इकडे सर्व खुशाल. माझा उजवा गुडघा तेवढा रुसलेला आहे. तुमच्या बूमियात बर्फ वितळला असेल. इथे अजून सावलीच्या बाजूला ढीग पडलेत आणि नगरपालिकेची माणसं फावडी घेऊन त्यांच्याकडे नुसती बघत उभी राहतात.

दोन वर्षं पाच महिन्यांनी माझं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. आधी पाकिटाची मागची बाजू नीट बघ. जिथे डिंक लावलाय तिथे मी आडवं माझं नाव लिहिलंय. ते मध्येच तुटलेलं दिसलं तर पोस्टातल्या मोहाने वाफेवर धरून पत्र उघडलं असं समज. तो उघडतो. माझ्या साडूच्या घरचं भांडण मला त्याच्या पत्राआधी बाजारात कळलं होतं.

लेक इत्तो बरी आहे. तिची नुंजा दोन वर्षांची झाली. दिसेल त्या कागदावर खडूने रेघा मारते. शेजारीण म्हणते, आजोबांवर गेली. बापावर गेली असं म्हणायचं ती टाळते, हे मला कळतं. लोक माझ्यासमोर काय काय टाळतात याची माझ्याकडे भलीमोठी यादी आहे.

आता कामाचं. तलातच्या घाटातल्या अंजिराच्या वळणावरचे आपले पट्टे पुसट झालेत. एप्रिलअखेर ते पुन्हा रंगवायचे आहेत. हुकूम आला आहे: जुन्या खुणांवरच नवा रंग ओढा. त्याच जागी, तेवढेच तीस पट्टे. नवा इंजिनिअर वळणावर आलेलासुद्धा नाही. त्याने खुर्चीतून सही केली.

मला ह्यात काळंबेरं दिसतं. ऐक. पट्टे मारण्याआधी त्या वळणावर वर्षाला एखादी गाडी दरीत जायची. पट्टे मारल्यापासून तीन वर्षांत अकरा गेल्या. मी मोजल्यात. जुन्या इंजिनिअरने, लहलू साहेबांनी, आपल्याला काय सांगितलं होतं? पट्टे ड्रायव्हरच्या डोळ्यांना फसवतील, त्याला वाटेल आपण फार जोरात चाललोय, आणि त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जाईल. तीस वर्षं मी रस्ता रंगवतोय. कडेची रेघ वीतभर आत घेतली की ट्रकवाला मुकाट्याने मधे सरकतो, दरीकडे जात नाही. रेघ पोलिसापेक्षा शहाणी असते आणि चहापाणी मागत नाही. मग हेच पट्टे उलटे का वागले?

म्हणून माझी नजर हद्दूवर आहे. तोच, वळणाच्या खाली चहाची टपरी असलेला. आपण पट्टे मारत होतो तेव्हा त्याच्याकडे फक्त किटली होती. आता क्रेन आहे. गाडी दरीकडे लटकली की हद्दूची क्रेन पहिली हजर. परवा मी तिथे उतरलो, तर हा हसत पुढे आला.

"या मुकादम, या. तुमच्या पट्ट्यांवर माझं घर चालतंय. दर शुक्रवारी तुमच्यासाठी दुआ मागतो."

"माझ्या पट्ट्यांना हात लावलास का रे कधी?"

"मी कशाला लावू? ते माझ्याहून जास्त मेहनत करतात. अहो, माझी गाढवीणसुद्धा तिथे आली की पाय उचलते. एरवी तिला काठीने ढकलावं लागतं."

मी सगळे पट्टे मोजले. तीसच्या तीस होते. कुठे खरवडलेलं नाही, कुठे जास्तीचा रंग नाही. म्हणजे हद्दूने नंतर काही केलं नाही. म्हणजे जे झालं ते आपण पट्टे मारले त्याच दिवशी झालं.

त्या दिवशी मापाची दोरी तुझ्या हातात होती, बास्सू.

चौकशीसमितीपुढे मी एवढंच बोललो होतो. जावई मिमून त्याच वळणावर गाडीसकट दरीत गेला त्याला पंधरा दिवस झाले होते, इत्तो पाच महिन्यांची पोटुशी होती. मला विचारलं, पट्ट्यांमधलं अंतर कोणी मापलं? मी म्हणालो, दोरी बास्सूच्या हातात होती. त्यात खोटं काय आहे? तू समोर बसला होतास. तू मान खाली घातलीस आणि नोकरी सोडून बूमियाला मेंढ्या राखायला निघून गेलास. ज्याचं मन साफ असतं तो बोलतो. चोराच्या मनात चांदणं, असं तेव्हा सगळे म्हणाले. मी काही म्हटलं नाही.

पट्टे मारले त्या दुपारी, दोरी पसरल्यावर, तू माझ्याशी काही बोलला होतास. ते इथे लिहायचं कारण नाही.

आता सरळ विचारतो. आपल्या आजोबांच्या टोळ्यांनी चपलांचा एकच ढीग केला आणि त्यातून माझ्या आजोबाची चप्पल तुझ्या आजोबाच्या चपलेबरोबर निघाली. तेव्हापासून आपली घरं तादाच्या नात्याने बांधलेली आहेत. एकाच आईच्या दुधावर वाढल्यासारखी. तादाच्या भावाशी खोटं बोलता येत नाही आणि त्याने तादाच्या नावाने मागितलेलं नाकारता येत नाही. जो नाकारतो त्याच्या घराला तडा जातो, हे आपल्या दोघांच्या आयांनी शिकवलंय. तर मी तादाच्या नावाने मागतो: हद्दूने तुला काही दिलं होतं का? तू दोरी सैल सोडलीस का? गाठी चुकवल्यास का? खरं काय ते पाठव.

राबहाला सांग, तिने दिलेलं मेंढीचं कातडं अजून माझ्या बिछान्याखाली आहे.

तुझा तादाचा भाऊ,
सक्कू



मिदेल्त,
२९ मार्च १९९८

प्रिय बास्सू,

सलाम आणि घरच्यांना दुआ. तुझं पार्सल बसवाल्याने आणून दिलं. सुतळीची गाठ तुझीच होती, म्हणजे वाटेत कोणी सोडलं नाही. तरीही मी बसवाल्याला दोनदा विचारलं. तो म्हणाला, "मुकादम, पोत्यात दोरी आहे, सोनं नाही." त्याला आत दोरी आहे हे कसं कळलं, ते मी अजून विचार करतोय.

आत पत्र नाही, चिठ्ठी नाही, एक शब्द नाही. नुसती ती दोरी. अंजिराच्या वळणावरची, तीस गाठींची, एका टोकाला लाल चिंधी. तू ती इतकी वर्षं जपून ठेवलीस. मी आधी चिडलो. म्हटलं, मी खरं मागितलं आणि हा मला दोरखंड पाठवतो.

मग ती अंगणात पसरली. अंगण पुरेना, म्हणून गल्लीत नेली. नुंजा गाठींवरून उड्या मारत पुढे गेली. चिंधीच्या टोकाला गाठी जवळजवळ आहेत, अडीच मीटर, पावणेतीन. पुढे पुढे लांब होत जातात, शेवटची सात मीटरवर. सुरुवातीला नुंजा धपाधप उड्या मारत होती, नंतर पोरीला धावावं लागलं.

मी मीटरची फीत लावून एकेक गाठ मापली. बोटभरही चूक नाही. तू गाठी चुकवल्या नाहीत. हे मी लिहून देतो.

पण चिंधी? चिंधी म्हणजे सुरुवात, ती घाटाच्या वरच्या बाजूला, जिथून गाड्या उतरतात. चिंधी नंतर कोणी दुसऱ्या टोकाला बांधली नाही कशावरून? तू बांधली नाहीस कशावरून? असं मी दोन दिवस मनात घोळवलं. राग मानू नकोस, माझा स्वभाव तुला माहीत आहे. माझी आई म्हणायची, सक्कू पाणी पिण्याआधी विहिरीला शपथ घालतो. मग मी गाठ निरखून पाहिली. तिला दुहेरी पीळ आहे आणि टोक आत खोचलेलं आहे. चिंधी अशी फक्त मी बांधतो.

ह्या बुधवारी मी घाटापलीकडे रिशला गेलो. काम काही नव्हतं. टॅक्सीस्टँडवर तुझा इश्शू होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं तोंड फिरवेल. फिरवलं नाही. "या काका, पुढे बसा, गुडघा सरळ राहील," म्हणाला आणि पुढच्या सीटवरच्या दोघांपैकी एका जाड माणसाला मागे तिघांत कोंबलं. तुम्ही बापलेक असे चांगले वागता की माणसाला संशय येतो.

मी इश्शूच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो. त्याचा पाय मला दिसत होता. घाट उतरताना पोरगा शहाण्यासारखा चालवतो, ब्रेक धरून. पट्टे सुरू झाले. पहिल्या पाच-सहा पट्ट्यांवर ब्रेक. मग बास्सू, मी पाहिलं, त्याचा पाय उचलला गेला आणि दुसऱ्या बाजूला गेला. तो माझ्याशी नुंजाबद्दल बोलत होता. त्याला पत्ताही नव्हता. वळण आलं तेव्हा त्याने एकदम ब्रेक मारला, मागचा जाडा पुढे आला आणि शिव्या घालायला लागला. गाडी कडेच्या रेघेवर चढली होती.

"इथे असंच होतं काका," इश्शू म्हणाला. "गाडी मंदावल्यासारखी वाटते, जणू रस्ताच मागे सरकायचा थांबला. पाय आपला आपण दाबतो. सगळ्यांचंच होतं."

"मग तू सावध का राहत नाहीस?"

"राहतो की. रोज चार वेळा राहतो. एखाद्या वेळी विसरायला होतं."

परतीला मी उतरल्यावर त्याने टॅक्सीच्या खिडकीतून हाक मारली. "बाबांनी सलाम सांगितलाय," म्हणाला. तू सांगितला होतास की त्याने आपल्या पदरचा जोडला, ते मला कळलं नाही.

आता मला लहलू साहेबांचा मूळ नकाशा बघायचा आहे. आपल्याला मिळाली ती छायाप्रत होती, खालची कड कापली गेलेली. साहेबांची राजधानीत बदली झाली, पण कचेरीतल्या फादमाबाईकडे जुने नकाशे असतात. तिला म्हटलं, काढून ठेव. "कशाला हवाय मुकादम? हुकूम तर जुन्या खुणांवरच रंगवायचा आहे ना?" तिने विचारलं. तिने हे का विचारावं? पण काढून ठेवते म्हणाली.

डोळे दुखतायत. आज इथेच थांबतो. इश्शूला सांग, थोडे दिवस त्या रस्त्याने भाडी घेऊ नको. कारण विचारलं तर म्हण, सक्कूकाका म्हातारा झालाय.

तुझा,
सक्कू



मिदेल्त,
१२ एप्रिल १९९८

बास्सू,

ईद होऊन चार दिवस झाले. ईदला माणसं एकमेकांच्या दारात जाऊन माफी मागतात. मी बूमियाच्या बसमध्ये चढलो आणि उतरलो. ड्रायव्हर म्हणाला, विसरलात का काही? मी म्हटलं, हो.

आधी नकाशाचं सांगतो, कारण ते सोपं आहे.

फादमाबाईने तो टेबलावर पसरला. लांब पट्टी, त्यावर तीस आडव्या रेघा, प्रत्येक दोन रेघांमध्ये आकडा, आणि दोन्ही टोकांना फ्रेंच शब्द. ह्याचीच छायाप्रत माझ्याकडे सहा दिवस होती, बास्सू. सहा दिवस मी तिच्यावरून दोरी आखली. मी मशिदीच्या शाळेत अरबी शिकलेला माणूस. कागद हातात घेतला की माझी नजर उजवीकडे जाते, तिथून चालायला लागते. उजवीकडे अडीच, मग पावणेतीन, मग तीन, असं डावीकडे सातपर्यंत. मी तसंच वाचलं आणि अडीचच्या टोकाला चिंधी बांधायला सांगितली. नाही, सांगितली नाही. मीच बांधली.

"हा शब्द काय आहे?" मी उजव्या टोकावर बोट ठेवलं.

"वळण," फादमाबाई म्हणाली.

"आणि हा?"

"गाड्या येण्याची बाजू. आणि हा बघा ना बाण खाली. डावीकडून उजवीकडे."

बाण खालच्या कडेला होता, आपल्या छायाप्रतीत कापला गेलेला. पहिले पट्टे लांब लांब, पुढे जवळ जवळ, म्हणजे ड्रायव्हरला वाटावं गाडी भरधाव सुटलीय. आणि मी ते फिरवले. आधी जवळ, मग दूर. त्याला वाटतं गाडी मंदावली. तो दाबतो. वळण येतं. साहेबांनी डोळ्यांना फसवायचं यंत्र दिलं होतं, मी ते उलट्या बाजूने बसवलं.

दुसऱ्या कोणाला हे सांगितलं तर तो म्हणेल, मुकादम, चूक झाली, छायाप्रत कापलेली होती, शब्द परके होते, साहेबसुद्धा जीपमधून खालच्या बाजूने आले, रंग पांढराशुभ्र बघून सही करून गेले. हे सगळं खरं आहे. हे मी स्वतःला चार दिवस सांगून पाहिलं.

पण तुला ते पुरणार नाही. तू तिथे होतास.

दुपारी दोरी पसरली होती. मी अंजिराखाली भाकरी खात होतो. तू दोरीच्या बाजूने वरून खाली चालत आलास, प्रत्येक गाठीवर पाय टाकत, आणि माझ्यासमोर थांबलास. तू म्हणालास, "सक्कू, हे उलटं तर नाही ना? खाली येताना माझा पाय मोकळा होत जातोय. आखडायला हवा ना?"

मी गड्यांकडे बघून म्हणालो, "पट्टे गाड्यांसाठी आहेत, बास्सूच्या पायांसाठी नाहीत. तू दोरी धर. डोकं माझ्याकडे राहू दे." सगळे हसले. तूही हसलास. मग तू दोरी धरलीस.

हे मला आठवत होतं. चौकशीच्या दिवशी आठवत होतं. पहिल्या पत्रात "ते लिहायचं कारण नाही" असं लिहिलं तेव्हाही शब्दन् शब्द आठवत होतं. तादाच्या भावाशी खोटं बोलायचं नाही, म्हणून मी खोटं बोललो नाही. मी गाळलं. गाळणं म्हणजे खोटं नव्हे, असं धरून चाललो. मिमून गेला त्या दिवसापासून माझ्या पोटात तुझं ते वाक्य होतं, आणि ते वर येऊ नये म्हणून मी हद्दूवर संशय घेतला, मोहावर घेतला, बसवाल्यावर घेतला, फादमाबाईवर घेतला. सगळ्यात जास्त तुझ्यावर घेतला. सगळ्या गावावर नजर ठेवली म्हणजे आरशात बघावं लागत नाही.

आणि तू गप्प राहिलास. समितीपुढे एक वाक्य बोलला असतास तर मी उघडा पडलो असतो. तादाच्या भावाला अडचणीत आणायचं नाही म्हणून तू मान खाली घातलीस, आणि मी त्या खाली घातलेल्या मानेला चोराची मान म्हणू दिलं.

मिमूनला पुरल्यावर तिसऱ्या दिवशी तू माझ्या दारात आला होतास, हातात दुखवट्याचा साखरेचा सुळका घेऊन. मी तुला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. साखरसुद्धा घेतली नाही. इत्तो आतून बघत होती.

तिला मी ईदच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती कणीक मळत होती. मी दारात उभा राहून सगळं सांगितलं, चिंधीपासून नकाशापर्यंत, आणि तू म्हणालेलं वाक्यही. तिने हात थांबवले नाहीत. कणीक मळून झाली तरी मळत राहिली.

मग म्हणाली, "बास्सूकाकांना हे ठाऊक होतं?"

"दोरी पाठवली, म्हणजे ठाऊक होतं."

"आणि ते आले तेव्हा तुम्ही त्यांना दारातून हाकललं."

"हो."

"माझा नवरा गेला, बाबा. त्याचं मी अल्लाकडे सोपवलं होतं. हे मी कोणाकडे सोपवू?"

दोन दिवस ती जेवण वाढायची, ताट ठेवायची, जायची. नुंजा मधे बसून दोघांकडे बघायची. मला माझ्या घरात परक्यासारखं वाटत होतं आणि ते योग्यच होतं.

काल सकाळी अंगणात आलो तर इत्तो दोरी मांडीवर घेऊन बसली होती. तिने माझी गाठ सोडवली होती. चिंधी दुसऱ्या टोकाला लावून सुईदोऱ्याने शिवत होती, दाट टाक्यांनी, कोणाला पुन्हा सोडता येऊ नये अशी. वर न बघता म्हणाली, "आता ह्या बाजूने धरा." एवढंच.

मी कचेरीत लेखी दिलं. माझ्या अक्षरात, माझ्या सहीने: पट्टे मी उलटे मारले, बास्सूने त्याच दिवशी सावध केलं होतं, मी ऐकलं नाही, चौकशीत सांगितलं नाही. नवा इंजिनिअर कागद वाचून पंख्याकडे बघत बसला. म्हणाला, "मुकादम, हे कशाला लिहिता? गुपचूप नीट करून टाका. कोणाला कळणार आहे?" मी म्हटलं, "बास्सूला कळलेलंच आहे. बाकीच्यांना कळायचं राहिलंय." त्याने कागद घेतला. नोकरी जाईल, कदाचित आणखीही काही होईल. होऊ दे. तोवर वरच्या नाक्यावर मी स्वतः पाटी घेऊन बसतो आणि उतरणाऱ्या प्रत्येक गाडीला थांबवून सांगतो, सावकाश जा, पट्ट्यांवर भरवसा ठेवू नका. हद्दू खालून चहा पाठवतो. त्याचे पैसे घेत नाही. त्याच्याबद्दल मी जे जे बोललो ते तुला लिहिलं होतं, तेही आता परत घेतो.

सोमवारी, २७ तारखेला, जुने पट्टे काळे करून नवे मारायचे आहेत. माझ्या हातून हे शेवटचं काम. दोरी धरायला गडी आहेत, चांगले आहेत. पण त्यांच्यातला एकही मला उलटं बोलणार नाही. मला असा माणूस हवा आहे जो रंग तापण्याआधी वरून खाली गाठींवर पाय टाकत चालेल आणि मला सांगेल, पाय आखडला की मोकळा झाला. त्याने सांगितल्याशिवाय मी कढईखाली जाळ लावणार नाही.

इत्तो म्हणाली, पत्राबरोबर तुमची एक चप्पल पाठवा, म्हणजे काकांना यावंच लागेल. मी चप्पल काढून पिशवीत घातलीही होती. मग बाहेर काढली. मागच्या महिन्यात मी तुझ्याकडे तादाच्या नावाने मागितलं, कारण मला ठाऊक होतं की त्या नावापुढे तुला नाही म्हणता येत नाही. तुझ्या त्याच नाही-न-म्हणण्यावर मी ही सगळी वर्षं जगलो.

म्हणून ह्या वेळी त्या नावाने काहीच मागत नाही. तू आलास तर ये. आला नाहीस तर घराला तडा जाणार नाही, कोणाचा शाप लागणार नाही, आणि मी कोणाला काही बोलणार नाही. तू नाही म्हणू शकतोस, बास्सू.

सोमवारी सकाळपासून मी अंजिराखाली असेन. इत्तोने साखरेचा सुळका आणून ठेवलाय. तुला देण्यासाठी नव्हे, त्या दिवशी दारात तुझ्याकडून घ्यायचा राहिला होता, त्याच्या जागी.

सक्कू,
ज्याने चिंधी बांधली